तळाची अक्षरं

गुजरीत, दुपारी, गिऱ्हाईक नसताना
इंगवल्यांच्या मधल्या सुनेनं पिशवीतून पेला काढला.
कानाच्या जागी ड्रॅगन, शेपूट पार बुडापर्यंत,
पोटावर कोरलेलं: घोड्यांची शर्यत, दुसरा नंबर.
"आटवायचाय," ती म्हणाली. "पोरीची फी भरायचीय."

पद्मण्णांनी कस लावला. नव्वद टंच.
मी पेला पालथा केला, भिंग डोळ्याला लावलं.

आधी सिंह. नीट बघितला तर मांजरच.
विलायतेचा सिंह कधी न बघता
कँटनच्या कुणी ऐकीव ठोकलेला,
आमच्या गल्लीत पाटीवर वाघ रंगवतात तसा.
शेजारी दोन इंग्रजी अक्षरं, त्यातलं एक उलटं.
ठोकणाऱ्याला ते अक्षर नव्हतंच,
नक्षी होती.

आणि काठाच्या सावलीत
तांदळाच्या कणीएवढा चौकोन:
एक छप्पर, खाली तीन रेघा,
मधली जरा जास्त खोल गेलेली.

इंग्रजी अक्षरं दुकानाची.
माझ्या झेरॉक्सच्या वहीत ती सापडतात,
बंदर, गल्ली, साल, सगळं.
छपराखालच्या माणसापुढं वही लिहिते:
कारागीर, माहीत नाही.

हुपरीत आई पैंजण जोडायची.
मजुरी किलोवर, शिक्का सराफाचा.
प्रत्येक जोडाच्या शेवटच्या कडीला
आतल्या अंगानं ती एक चीर द्यायची,
नखानं दिल्यासारखी.
विचारलं तर म्हणायची, "डाखाची खूण हाय."
डाख तर दुसऱ्याच कडीला असायचा.
एकदा महाद्वार रोडला
कुणा अनोळखी बाईच्या पायांपाशी ती अडली,
चालेचना.
मला वाटलं, चपला बघतीय.

मूस लाल झालीय.
"काय बघतोयस रं एवढं?" पद्मण्णा.
"टंच," मी म्हणतो.

पावतीबुकाचा कागद तळावर ताणून
शिसपेन्सिल आडवी फिरवतो.
सिंह उठतो, अक्षरं उठतात,
छप्पर अर्धंच येतं.

"वहिनी, आठ दिवस थांबला तर
मोडीपेक्षा जास्त मिळतील."
ती पेल्याकडं बघत नाही, घड्याळाकडं बघते.
"शुक्रवार शेवटची तारीख हाय."

आज बुधवार.
मी कागद सरकवतो,
पुन्हा घासतो,
ह्या वेळी हलक्या हातानं.