अकरा मीटर

उपांत्य सामना संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते
आणि माझं काम सुरू झालं.

मी रोसाल्बा किश्पे. कीतोच्या उत्तरेला या स्टेडियममध्ये
एकोणीस वर्षं गवत वाढवते, रेघा मारते.
आमच्याकडे हवा विरळ. पाहुण्या संघांच्या मुली
पहिल्या दिवशी जिना चढतानाच कठडा धरतात.
गवत मात्र दमत नाही.

पेनल्टीच्या ठिपक्याचं काय केलं होतं म्हणून सांगू!
चौदा जणींनी चौदा वेळा टाच रोवून
तिथे वाटीएवढा खळगा पाडलेला,
पांढरा रंग चिखलात कालवलेला,
एकीने तर चेंडू ठेवण्याआधी बुटाने गवत दाबून
स्वतःपुरतं घरटं केलेलं.
मी गुडघ्यावर बसले. वाळू, चाळलेली माती,
कडेच्या वाफ्यातून कापून आणलेला हिरवा तुकडा.
लेकराला थोपटावं तसं नाही हं ते,
थापी लागते, खांदा भरून येतो.

मग ती आली.
पॅराग्वेची चार नंबर. ओले केस, पायात रबरी चपला.
डोपिंगच्या चाचणीसाठी मागे ठेवलेली,
पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवूनही
लघवी होत नव्हती, आणि बाहेर बस खोळंबलेली.
गोलच्या आडव्या खांबावर शेवटचा चेंडू आदळला,
तो हिचाच.
पातेल्यावर उलथनं आपटावं तसा आवाज
अजून माझ्या कानात होता.

उभी राहिली. ठिपक्याकडे बघत म्हणाली,
"बाई, इथे जमीन मऊ होती का?"

हो म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?
जमीन बोलत नाही. कुणीही खापर फोडावं,
सकाळी पाणी मारलं की विसरते.
शिवाय पोरगी माझ्या थोरलीच्या वयाची,
जी मुर्सियात सॅलडची पानं डब्यात भरते
आणि रोज फोनवर सांगते, हो, जेवले.

पण एकोणीस वर्षं.
"नव्हती," मी म्हटलं. "हवं तर मोजून बघ."

टेपचं टोक तिच्या हातात दिलं.
ती गोलरेषेवर उकिडवी बसली, मी ठिपक्याशी.
चार झोतांपैकी एकच चालू,
मधली टेप दिसत नव्हती, नुसती हाताला लागत होती.
"अकरा," मी ओरडले.
"अकरा," तिकडून ती.
ना बोटभर इकडे, ना बोटभर तिकडे.
बराच वेळ टेप तशीच ताणलेली राहिली,
तिच्या टोकाकडून थरथरत.
वाऱ्याने म्हणा.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना शुक्रवारी दुपारी होता.
हरलेल्या दोघींना पुन्हा एकमेकींशी भांडायला लावायचं,
हा कुणाच्या डोक्यातून निघालेला न्याय, देव जाणे.
गॅलरीत फुकट तिकिटांवर आलेली शाळेची पोरं,
भाजलेल्या मक्याचा वास, पिचिंचाचं डोकं ढगात.
चार नंबरने समोर येईल ते अंगावर घेतलं,
एकदा तर तोंडावर.
पेनल्टी कुणालाच मिळाली नाही.
माझा ठिपका नव्वद मिनिटं कोरा.
हरल्या त्या परत. एक-शून्य, कॉर्नरवरून.
जाताना ती ठिपक्यापाशी आली
आणि कडेकडेने गेली,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तशी.
लिदुविना तिचं नाव, हे मला पाटीवर वाचून कळलं.

फायनल मी पाहिली नाही.
स्टँडच्या पोटात रंगाचं यंत्र धूत होते.
डोक्यावरचं काँक्रीट तीनदा हादरलं,
म्हणजे तीन गोल.
कुणाचे, ते झाडूवाल्या तादेओला विचारलं,
तोही पाहत नव्हता.

आता सोनेरी कागद वेचते आहे.
चषक उचलला की उडवतात ना, तो.
यंत्राच्या पात्यात अडकतो, म्हणून हातानेच.
तीन दिवस झाले, अजून निघतोच आहे.
काल ठिपक्यातही एक रुतलेला दिसला.
ओढायला गेले तर खालचा हिरवा तुकडाच
उचकटून यायला लागला.
मूळ धरलेलं नाही अजून.

राहू दिला.