वरचा आकडा, खालचा आकडा

उशगुलीत बर्फ अजून उंबऱ्याशी आहे.
पिशवीतून मशीन काढेपर्यंत
गेलाने बाही वर सरकवलेली असते.
अठराचा पोरगा. एकशे दहा, खाली सत्तर.
"एवढंच?" त्याला वाटतं, नापास झालो.

बाप गुराम बाही सोडत नाही.
"पुरुषाचं रक्त जोरात धावायचंच."
एकशे अठ्ठावन्न, खाली अठ्ठ्याण्णव.
दोनदा मोजते.
तो भिंतीवरच्या बंदुकीकडे बघत राहतो.

खरं तर मी आले त्सिउरीसाठी.
वीस वर्षं तिचा आकडा नवऱ्याच्या खालीच,
सणाला ती टेबलाच्या टोकाला बसते तसा.
मग पाळी थांबली, आणि तो गुपचूप
चढत चढत
त्याच्याही पुढे गेलाय.
"मशीन बिघडलंय तुझं," गुराम म्हणतो.
ती हसते. मी नाही हसत.

"मीठ कमी करा," सांगते,
आणि ती उठून, रीत म्हणून,
लसूण आणि निळी मेथी कुटलेलं घरचं मीठ
पुडीत बांधून माझ्याच हातात देते.

उतारावर
जिभेला लावून पाहिलंच.
माझ्या दंडाला ही पट्टी
तीन वर्षांत कुणी बांधली नाही.