सैल काही नको

उद्या सकाळी सातला माळावरच्या ट्रॅकवर हजर व्हायचं
आणि आभाळ अजून काही कबूल करत नाही.
ऑक्टोबरचा शेवट. ज्योतिबाच्या अंगाला काळी कड,
बाकी सगळीकडं चांदणं.
मोबाईल म्हणतो, पाऊस चाळीस टक्के.
तीस वर्षं सातवीला शेकडेवारी शिकवली मी,
चाळीस टक्के पावसाला कुठले टायर घालतात
ते पुस्तकात नव्हतं.

उद्यमनगरात शेवटचं लेथ थांबल्यावर
दस्तगीर माझी झेन जॅकवर घेतो.
माझ्याच वर्गातला, खिडकीकडच्या बाकावरचा,
अपूर्णांकात दोनदा गटांगळ्या खाल्लेला.
आता हवेचं मीटर कानाशी धरल्यासारखं वाचतो :
"बाई, पुढं अठ्ठावीस, मागं सव्वीस.
तापल्यावर वाढत्यात. धरून चला."
मी धरते, हातचा धरावा तसा.

ब्रेकचं जुनं तेल चहाच्या रंगाचं निघालं.
तो खाली चाकाशी, मी वर पेडलवर.
दाबा. धरा. आता सोडा. परत दाबा.
एवढं मुकाट्यानं मी कुणाचंच ऐकलं नव्हतं.

मग गाडी रिकामी करायची.
पत्रकात एकच ओळ ठळक छापलेली :
गाडीत सैल काही नको.
स्टेपनी गेली. पाना, जॅक, छत्री,
मागची सीट चार बोल्ट काढून अलगद उचलली
तर खाली पाच चिंचोके, लाल पेनाचं टोपण,
तपासायचा राहिलेला एक पेपर, मार्क तेवढे नाहीत,
आणि गुलाल.
कुठल्या चैत्रातला कोण जाणे,
व्हॅक्यूम तीनदा फिरवला तरी शिवणीतून येतोच.

डाव्या बाजूची मॅट उचलताना थांबले.
तिथं एक जागा घासून गुळगुळीत झाली आहे,
बरोबर उजव्या टाचेएवढी.
माझ्या शेजारी बसून ते बारा वर्षं
नसलेला ब्रेक दाबत होते.
मॅट गुंडाळली. स्टेपनीजवळ नाही ठेवली,
वेगळी ठेवली.

डॅशबोर्डवरची अंबाबाई
दस्तगीरनं बोटानं जरा हलवून बघितली.
"पक्की हाय. ऱ्हाऊ दे."

भिंतीला टेकून टायरचे दोन संच.
एक झिजलेला, कोरड्या डांबराला चिकटणारा.
दुसऱ्याच्या चरी खोल, बोटाचं पेर जाईल एवढ्या.
दोन्ही नेले असते,
पण टेम्पोवाल्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आजच पेटलंय
आणि रस थांबत नाही कुणासाठी.
मी चरींवर बोट ठेवलं.
"ऊन पडलं तर हे मऊ पडतील. मागं ऱ्हाशीला."
राहीन.
"मग जातायसा कशाला?"
ह्याचं उत्तर लिहायला
मीही कधी जागा सोडली नव्हती.

पर्सच्या तळाशी एक खडू होता,
निवृत्तीच्या दिवशी चुकून घरी आलेला.
दस्तगीरनं तो मागून घेतला, मोडून अर्धा केला,
प्रत्येक टायरच्या कडेवर तीन तीन रेघा ओढल्या.
वळणावर टायर किती आडवा होतो
ते रेघ कुठवर पुसली त्यावरनं कळतं म्हणे.
रेघा सरळ होत्या. सातवीत कधी नव्हत्या.
"आणि पाऊस आला तर?"
"तर काय, समद्यांचीच पाटी कोरी."
उरलेला अर्धा त्यानं खिशात टाकला,
परत दिला नाही.

शटर ओढताना बॉनेटवर थेंब वाजला.
मग दुसरा.
आम्ही दोघं माना वर करून उभे,
तो टायरकडं बघेना, मी त्याच्याकडं.
शेजारच्या शेडवरची टाकी भरून वाहत होती
आणि आतून कुणीतरी ओरडत होतं :
मोटर बंद करा, मोटर.