घरी कोणी नाही

हुकूम राजधानीतून आला, लिंकनहून,
गुरुवारी, फॅक्सवर,
कारण आमच्या काउंटीत अजून फॅक्सच चालतो.
सदतीस नावं. सदतीस पत्ते. बंदुका जमा करा.
शेरीफनं कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला
आणि माझ्या टेबलावर ठेवला:
"रेडिओवर आज रात्री तूच ना?"

आठवडाभर कॉफीच्या दुकानात एकच पैज:
ड्वेन जाईल का? कोरी जाईल का?
आणि नाही गेले तर गार्डचे जवान येतील,
म्हणजे कोण, तर हीच पोरं,
शनिवारी पशुखाद्याची पोती उचलणारी,
ज्यांना पहिलं हरीण सोलायला
यादीतल्याच कुणीतरी शिकवलंय.

मी पैज लावली नाही.
माझे वडील कराडला हवालदार.
त्यांची रायफल सही करून घ्यायची,
सही करून कोतात परत द्यायची.
खंडेनवमीला तिच्या दस्त्यावर झेंडूचं एक फूल.
फूल आमचं, रायफल सरकारची.
इथे बंदुका मृत्युपत्रात असतात,
आजोबांच्या घड्याळाच्या वरच्या ओळीत.

नऊ वाजून दहा मिनिटं.
मी पहिला पत्ता वाचला.
ड्वेन म्हणाला, पुन्हा सांग.
सांगितला.
पुन्हा सांग, आवाज तुटतोय.
आभाळ कोरं होतं, वारा नव्हता,
पार पलीकडची मालगाडी खिडकीतून ऐकू येत होती.
पत्ता मर्ल ओस्टरगार्डचा. ड्वेनचा सख्खा काका.
त्या अंगणात तो सायकल शिकला.

मग बराच वेळ नुसतं इंजिन.
मग त्यानं बटण दाबलं आणि सोडायचं विसरला:
कुत्र्याचं ओळखीचं भुंकणं,
जाळीच्या दाराची कुरकुर,
"बूट पुसून ये रे, काकू ओरडेल."
खुर्ची ओढल्याचा आवाज. कपात चमचा.

सव्वादहाला तो म्हणाला,
"डिस्पॅच, घरी कोणी नाही."
मी रजिस्टरात लिहिलं: घरी कोणी नाही.

दुसऱ्या पत्त्यावर कोणी नाही.
तिसऱ्या, चौथ्या. कोरीकडेही तेच.
सगळी काउंटी जणू जत्रेला गेलेली
आणि खिडक्याखिडक्यांत दिवे.
मला हसू येत होतं, खरं सांगते.
बरंही वाटत होतं.
कुणी कुणाच्या उंबऱ्यावर पडलं नाही.

मग अकरावा पत्ता.
धान्याच्या कोठारामागचा ट्रेलर.
यादी यायच्या आधीपासून मला पाठ आहे तो.
फेब्रुवारीत तिथून एक पोर बोलली होती माझ्याशी,
कपाटातून, कोटांत तोंड खुपसून:
तो टेबलावर गोळ्या मोजतोय.
मोजून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजतोय.
मी म्हटलं, तूही मोज, माझ्याबरोबर, हळू.
चारशे बारापर्यंत गेलो होतो आम्ही
तेव्हा कोरीनं दार ठोठावलं.
त्या रात्री कुणी मेलं नाही.
सकाळी कुणी तक्रारही केली नाही.

"डिस्पॅच," कोरी म्हणाला,
"अकरा नंबर. कोणी नाही, लिहून टाक."
तो त्या रस्त्याला वळलासुद्धा नव्हता.

मी पेन उचललं.
वर दहा ओळी, एकाखाली एक,
शाळेत शिक्षा म्हणून लिहिल्यासारख्या.
मला मर्लच्या कपातला चमचा आठवला.
आणि कोट.

"आहेत," मी म्हणाले. "घरातच आहेत."
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून तर."
"जा, कोरी."

पलीकडून काहीच आलं नाही,
ना हो, ना नाही, ना इंजिन.
एक, मी मोजलं.
दोन.