दोन घड्याळं

रबात, माल्टा. पायऱ्यांच्या तोंडाशी
साल्वू आम्हाला मोजून घेतो.
"बावीस. वर येतानाही बावीसच हवेत."
सगळे हसतात.
हा विनोद रोज सव्वादहाला होत असावा.

खालचा दगड ओलसर,
हात लावला की पिठासारखा बोटांना लागतो.
कोनाडेच कोनाडे. पुष्कळसे जेमतेम हातभर.
"ही बाळांची," म्हणतो साल्वू
आणि टॉर्च भराभर पुढे नेतो.

मग ते गोल मेज, खडकातच कोरलेलं,
काठाला खाच, सांडलवंड वाहून जायला.
आपल्या मेलेल्यांच्या उशाशी बसून
माणसं इथं जेवायची.
कड एका जागी झिजलेली, कोपर टेकावं तेवढीच.
कुणी आग्रह केला असेल, घे गं थोडं,
कुणी पुरे पुरे म्हणत ताट पुढं केलं असेल.

वर चर्च. ऊन चुन्यासारखं पांढरं.
दोन मनोरे, दोन घड्याळं, वेळा वेगळ्या.
एक मुद्दाम चुकीचं, सैतानाचा मुहूर्त हुकावा म्हणून.
"खरं कुठलं?" कुणीतरी विचारतं.
साल्वू खांदे उडवतो,
"माझी आई चुकीचं बघूनच चूल पेटवायची.
आम्ही जन्मभर उशिरा जेवलो.
ती ब्याण्णवची होऊन गेली."

बसपाशी तो पुन्हा मोजतो, ओठ हलवत.
मग भिंतीच्या सावलीत
तेलकट कागदातला पास्तिझ्झ काढतो,
अर्धा खातो,
अर्धा नीट गुंडाळून खिशात ठेवतो.

पुढची तुकडी सव्वाबाराला.