सायकलला तेल

कार्ड आलं तेव्हा दौलतगंजातला डाकिया
सायकलवरून उतरलाच नाही. एक पाय ओट्यावर टेकून म्हणाला,
"बहूजी, उधर से है."
उधर म्हणजे कुठून, ते गल्लीभर ठाऊक होतं.

मजकूर इंग्रजीत.
तिकडे मराठी वाचणारं कुणी नसणार,
आणि वाचता येत नाही ते पुढे जात नाही.
माय डिअर इंदुमती.
चार वर्षांच्या संसारात
ह्यांनी मला नावानं हाक मारली ती ही पहिली.
घरात मी नुसती अगं.
खाली सही, फ्लाइट लेफ्टनंट एस. के. बिवलकर,
जशी काही मी कचेरी.

तब्येत बरी. जेवण बरं. थंडी आपल्या ग्वाल्हेरसारखीच.
सायकलला तेल दे.

सासूबाईंना मराठी करून सांगताना
चार वाक्यं पदरची घातली,
त्यातलं एक त्यांच्या गुडघ्यांविषयी.
दीर मात्र तेलाचा अर्थ लावत बसले:
तेल म्हणजे इंधन, सायकल म्हणजे चक्र,
चक्राचे आरे मोजा, तारीख निघेल.
महाराजपुऱ्याहून साहेब आले, नक्कल उतरवून घेऊन गेले.
रात्री सगळे निजल्यावर
मी चेनला तेल घातलं.
मोहरीचं. घरात तेच होतं.

वर्षानं परत आले.
छत्रीनं उतरताना पाठीचा कणा दुखावलेला,
विमान पुन्हा मिळालं नाही, टेबल मिळालं.
आल्या आल्या चेनवरून बोट फिरवलं, हुंगलं.
"अगं, मशीनचं घालायचं असतं."
तिकडचं म्हणून जे काही बोलले, ते एवढंच.
आणि मी पुन्हा अगं.

आता एक्याऐंशी.
डॉक्टर नाव विचारतात
तर नाव, हुद्दा, नंबर,
तिन्ही बिनचूक, इंग्रजीत.
चौथं विचारलं की ओठ मिटतात.
सून म्हणते, बाबा ओळखत नाहीत.
मला वाटतं, ओळखतात; सांगायचं नाही एवढंच.

परवा मी रद्दीतल्या कार्डावर लिहिलं,
जेवढं येतं तेवढ्या इंग्रजीत:
माय डिअर सदाशिव, सायकलला तेल दिलं आहे.
आयुष्यात पहिल्यांदा नाव घेतलं, उखाण्यावाचून.

वाचलं. पुष्कळ वेळ.
मग कार्ड उलटून मागची बाजू पाहिली,
पुन्हा पुढची, कडा, कोपरे.
शिक्का शोधत होते.

देव्हाऱ्यातलं कुंकू अंगठ्याला लावून
मी एक उमटवला.
तेव्हा कुठे घडी घालून
खिशात ठेवलं.