हिंगाची डबी

उजवा कान दीपनगरला राहिला.
अठ्ठावीस वर्षं टर्बाईनच्या एकाच बाजूला उभा होतो मी.
डॉक्टर म्हणाले, नस सुकली.
म्हटलं, ठीक. डावा आहे ना.

पण गाणी दोन कानांसाठी भरलेली असतात
हे रिटायर झाल्यावर कळलं.
पुतण्याने टाकून दिलेला प्लेअर, काडेपेटीहून थोडा मोठा,
बॅटरी फुगून पुरीसारखी.
ती बदलली, मागचं झाकण रबरबँडने धरलं,
जुन्या कॅसेटी एकेक करून त्यात उतरवल्या
आणि ऐकतो तर
तबला आहे, सारंगी गायब.
पुढच्या गाण्यात बाई आहे, पुरुष नाही.
बाई काहीतरी विचारते, थांबते,
कोणीच उत्तर देत नाही.

मग जामनेर रोडवरून, याकूबभाईच्या दुकानातून
दोन रेझिस्टर आणले.
पिवळा, जांभळा, काळा पट्टा. सत्तेचाळीस ओहम.
"बस, एवढंच?" तो म्हणाला.
पैसे घेतले नाहीत,
चहाचे मात्र मलाच द्यायला लावले.

डावी तार, उजवी तार, दोघींना एका वाटेला लावायचं
पण थेट गाठ मारायची नाही, भांडतात.
दोन जावांच्या चुलींमध्ये असते
तेवढी भिंत ठेवायची, बस.

आवाज पडला. म्हणून ॲम्प्लिफायर.
ॲम्प्लिफायरला घर हवं, म्हणून हिंगाची डबी.
पुष्पलताने तीनदा घासून दिली,
तरी आता कुठलंही गाणं लावा,
आधी फोडणी येते.

मे महिना. भुसावळ. बाहेरही सत्तेचाळीस.
पंखा लावला तर सोल्डर गार पडतो,
बंद केला तर आधी माणूस वितळतो.
बनियनवर बसलो, चष्म्यावर चष्मा,
शेवटचा टाका राहिला होता
आणि लाईट गेली.
दोनशे दहा मेगावॅटचं धूड सांभाळलं या हातांनी,
आता पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग गनसाठी
अंधारात ताटकळत बसले.

साडेदहाला जोडणी झाली.
आतून आवाज आला, आता तरी जेवा.
ताट टेबलावर, तारांच्या शेजारी.

चाचणीला गाणं नाही लावलं.
माझ्याच हाताने भरलेली एक कॅसेट होती,
सत्त्याण्णवच्या थंडीतली भरताची पार्टी,
बामणोदचा मळा.
दोन माइक मांडले होते मोठ्या हौसेने:
डावा दत्तू भारंबेपुढे, तो गात होता,
उजवा उगाच, चुलवणाजवळ, विटेवर.
कान गेल्यापासून ही कॅसेट म्हणजे
दत्तू आणि दत्तूचा खोकला.

आता पऱ्हाटीच्या काड्या तडतडल्या.
वांग्याची साल फुटली.
बडगीत कोणीतरी ठेचायला घेतलं, दब दब दब,
दत्तूच्या तालाशी काहीही संबंध नाही.
आणि अगदी माइकला तोंड लावून, तोंडात घास,
वासुदेव फेगडे,
शिफ्टमधला माझा जोडीदार,
जाऊन नऊ वर्षं झाली त्याला,
म्हणाला,
"भो, मीठ कमी हाये.
अन् हे तुह्यं मशीन चालू हाये का बंद?"

चालू हाये, म्हटलं मी.
मोठ्याने म्हटलं असणार,
कारण पुष्पलता दारात येऊन उभी राहिली.

पुढे कॅसेटची बाजू संपेपर्यंत
वासुदेव एक शब्द बोलत नाही.
नुसता जेवतो.
कांद्याची पात चावतो, पाणी पितो, ढेकर देतो.
मी ते सगळं ऐकलं,
ताटातलं वरण गार होईपर्यंत.

उजवा कान तसाच आहे.
डबीच्या झाकणाला एक स्क्रू कमी पडतोय,
बारीक, तीन एमेमचा.
सकाळी याकूबभाईकडे जायला हवं.
चहाचे सुट्टे घेऊन.